पुढे खबर नाही

२०२४ च्या फेब्रुवारीत मी रामघाटावर मामांच्या घरी गेले ती पाच आठवडे राहण्याच्या तयारीने. मामांचं डायलिसिस सुरू होऊन तीन महिने झाले होते. मामेभाऊ बंगळुरूला, आणि मामींच्या गुडघ्यांना घाटाच्या पायऱ्या आता झेपत नव्हत्या. सोबत मी माझं काम घेतलं होतं. किडनीच्या रुग्णांसाठी एका संस्थेने इंग्रजीत केलेली माहितीपुस्तिका मराठीत आणायची होती, आणि संज्ञा नीट कळाव्यात म्हणून गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले काही शोधनिबंधही त्यांनी जोडून दिले होते. कथा-कादंबऱ्यांच्या अनुवादावर घर चालत नाही, त्यामुळे अशी कामं मी बरीच केली आहेत. या वेळी मात्र ज्याच्याविषयी तो मजकूर होता तो माणूस शेजारच्या खोलीत झोपलेला होता.

दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा आणि त्यांच्या दक्षिणेचा रामघाट हा नदीकाठचा पट्टा म्हणजे काशीतली जुनी मराठी वस्ती. एकनाथांनी १५७३ साली आपलं भागवत पुरं केलं ते याच शहरात. आता मराठी घरं थोडी उरली आहेत आणि जी आहेत त्यांतल्या मुलांची मराठी हिंदीच्या अंगाने चालते. रामघाटाला लागून मेहता घाट आहे. तो पूर्वी रामघाटाचाच तुकडा होता. १९६२ च्या सुमारास तिथे मेहतांचं इस्पितळ उभं राहिलं आणि त्या तुकड्याला इस्पितळाचं नाव पडलं. काशीत घाटांना देवांची, राजांची, संस्थानिकांच्या कारभाऱ्यांची नावं आहेत. इस्पितळावरून नाव पडलेला घाट विरळाच.

डायलिसिसचं केंद्र मात्र घाटापासून लांब, शहराच्या नव्या भागात होतं. आमच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही. जाताना मामा माझा हात धरून हळूहळू मैदागिनपर्यंत चालत. परतताना अंगात त्राण नसे, तेव्हा मोहल्ल्यातली दोन पोरं त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून आणत. खुर्चीला दोन बाजूंनी बांबू बांधले तर सोपं जाईल असं एकाने सुचवलं. मामा म्हणाले, “बांबूची एवढी घाई काय आहे, बेटा?”

त्यांनी आयुष्यभर संस्कृत पुस्तकांची मुद्रितं तपासली. आजोबा तीर्थोपाध्ये होते. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंच्या त्यांच्या वह्या अजून माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या आहेत: गाव, कुळ, बाप, आजा, मुलं, कोणाचं श्राद्ध, कोणत्या तिथीला, खाली आलेल्याची सही. मामांनी तो व्यवसाय घेतला नाही, पण कागदावरची चूक दिसली की त्यांचा हात अजून पेनाकडे जातो. त्यामुळे संध्याकाळी मी दिवसभराचा अनुवाद वाचून दाखवायचा आणि मामांनी खोड काढायची, असं आपोआपच ठरलं.

पहिली खोड ‘आउटकम’वर निघाली. मी ‘फलित’ लिहिलं होतं. “फलित ज्योतिषाचं असतं,” मामा म्हणाले. “रामघाटावर बसून हा शब्द लिहितेस? इथे सांगवेद विद्यालय आहे, लोक मुहूर्त विचारायला येतात. तुझे डॉक्टर भविष्य सांगतात का?” मी ‘निष्पत्ती’ केलं, ते त्यांना सरकारी वाटलं. शेवटी ‘उपचारांनंतर काय झालं’ असं लांबलचक लिहिलं आणि ते टिकलं. ‘सर्व्हायव्हल’ला त्यांनी ‘तगणं’ दिलं. मामी आतून म्हणाल्या, “जगणं लिहा हो. तगतात ती झाडं.”

उपचारांनंतर काय झालं, हा प्रश्न या यंत्राच्या जन्मापासून त्याच्यासोबत आहे. विलेम कोल्फ या डच डॉक्टरने जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, काम्पेन नावाच्या छोट्या गावात, १९४३ साली पहिलं उपयोगी यंत्र बांधलं. सॉसेजच्या वेष्टनाला वापरतात ती सेलोफेनची नळी एका लाकडी पिंपाभोवती गुंडाळलेली, पिंप क्षारांच्या पाण्यात अर्धं बुडलेलं, आणि ते फिरत असताना नळीतून रुग्णाचं रक्त वाहत राहणार. पहिल्या सोळा रुग्णांत यंत्राचं श्रेय म्हणता येईल असं कोणी वाचलं नाही. सतरावी रुग्ण १९४५ च्या सप्टेंबरात आली. सदुसष्ट वर्षांची सोफिया शाफ्टाट, नाझींना साथ दिल्याबद्दल कैदेत असलेली. गावातल्या कित्येकांना ती मेलेलीच बरी वाटली असती. कोल्फने तिला यंत्राला जोडलं, ती शुद्धीवर आली, आणि आता नवऱ्याला सोडणार असं तिने सांगितलं, अशी गोष्ट आहे. पुढे काही वर्षं जगून ती दुसऱ्याच आजाराने गेली. डायलिसिसने वाचलेला पहिला माणूस एक कैदी होता, हे मला मामांना सांगावंसं वाटलं, कारण आपल्या देशात सर्वांना ठाऊक झालेला डायलिसिसचा पहिला रुग्णही कैदेतूनच आला होता. त्याच्याकडे येतेच.

कोल्फचं यंत्र थोड्या दिवसांची नड भागवणारं होतं. दर वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागे. कायमचा आजार असलेल्याला ते निरुपयोगी. १९६० च्या मार्चमध्ये सिअॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नरने क्लाइड शील्ड्स या कारागिराच्या हातात टेफ्लॉनची वाकडी नळी बसवून ठेवली, तीच पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागली आणि शील्ड्स अकरा वर्षं जगला. तिथून नवी अडचण सुरू झाली. यंत्रं मोजकी आणि मरणारे पुष्कळ. १९६२ मध्ये सिअॅटलला सात जणांची एक समिती काम करत होती. तिच्यात वकील, धर्मगुरू, बँकवाला, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि शल्यविशारद होते, आणि त्यांची नावं गुप्त. डॉक्टर आधी चाळणी लावत: वय पंचेचाळीसच्या आत हवं. उरलेल्यांमधून कोणाला यंत्र द्यायचं ते समिती ठरवी. शाना अलेक्झांडर या पत्रकार बाईंनी त्याच वर्षी ‘लाइफ’ साप्ताहिकात यावर लिहिलं आणि देशभर खळबळ झाली: कोण चर्चला जातो, कोणाला किती मुलं, कोणाची नोकरी काय, हे पाहून माणसं निवडली जात होती. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकेने कायदा करून जवळजवळ प्रत्येकाच्या डायलिसिसचा खर्च सरकारवर घेतला. समिती गेली. पण तिने मागे एक गोष्ट ठेवली, असं मला हे निबंध वाचताना वाटत राहिलं. सरकार पैसे देऊ लागलं म्हणून प्रत्येक रुग्णाची नोंद होऊ लागली, आणि नोंद होऊ लागली म्हणून आज लाखो रुग्णांच्या आकड्यांवर संशोधन होऊ शकतं. ज्याचं बिल भरलं जातं त्याचा मृत्यू मोजला जातो.

आता तो दुसरा कैदी. २६ जून १९७५ च्या पहाटे जयप्रकाश नारायणांना दिल्लीत अटक झाली आणि त्यांना चंडीगडच्या पोस्ट ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूटच्या इस्पितळात स्थानबद्ध ठेवलं गेलं. तिथे त्यांनी लिहिलेली रोजनिशी पु. ल. देशपांड्यांनी ‘स्वगत’ या नावाने मराठीत आणली. मराठी वाचकाला पु. लं.चे अनुवाद आठवतात ते हेमिंग्वेचे किंवा रवींद्रनाथांचे. ‘स्वगत’ त्या मानाने मागे पडलं. ते माझ्या बॅगेत होतं. रोजनिशी जुलैपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतची आहे. डायलिसिसचा आरंभ तिच्यात नाही, ती आधीच संपते. सप्टेंबरअखेर पोटात तीव्र वेदना सुरू झाल्या. १२ नोव्हेंबरला सरकारने त्यांना पॅरोलवर सोडलं. दिल्लीहून ते मुंबईच्या जसलोक इस्पितळात आले आणि दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं. चंडीगडची ती संस्था म्हणजे भारतात मूत्रपिंडविकारांचा अभ्यास जिथे रुजला त्या मोजक्या जागांपैकी एक. तिथे मुक्काम असलेल्या माणसाचा आजार मुंबईत येईपर्यंत उमगू नये, यावर पुढे खूप वाद झाले, संशय घेतले गेले, आणीबाणी उठल्यावर चौकशीही झाली. त्या वादात मला इथे शिरायचं नाही. वय ७३, मधुमेह, यंत्राला जोडलेले. सिअॅटलच्या समितीपुढे हा अर्ज गेलाच नसता.

त्या डिसेंबरात कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्षा दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी जयप्रकाशांना आराम पडावा म्हणून प्रार्थना करायला सगळा मंडप उभा केला. आणीबाणीला दिलेलं उत्तर म्हणून ही घटना आपण सांगतो आणि ती तशी आहेच. पण तिचा शब्दशः अर्थही धरायला हरकत नाही. भाषणबंदीच्या त्या दिवसांत राजकारणावर बोलणं अवघड होतं, माणसाच्या प्रकृतीवर बोलणं शक्य होतं, आणि मराठी साहित्यिक एका माणसाच्या दोन मूत्रपिंडांसाठी उभे राहिले. यंत्रासाठी लोकांकडून वर्गणी गोळा झाली. इंदिरा गांधींनी पंतप्रधानांच्या निधीतून ९० हजार रुपयांचा धनादेश पाठवला. जयप्रकाशांनी तो परत केला. पाटण्यात कदमकुआँच्या घरी यंत्र बसलं. १९७७ ची निवडणूक त्यांनी दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत लढवली असं म्हटलं तरी चालेल. सभा कुठे घ्यायची ते परतीच्या तारखेवर ठरे.

मार्च १९७९ मध्ये ते पुन्हा जसलोकमध्ये असताना पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा केली. सभागृह स्थगित झालं, आकाशवाणीवर शोकसंगीत लागलं, दुकानं बंद झाली. मग कळलं की जयप्रकाश जिवंत आहेत. नंतर त्यांना हे सांगितल्यावर ते हसले म्हणे. गेले ते ८ ऑक्टोबर १९७९ ला, पाटण्यात, सत्त्याहत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना. आजच्या निबंधाच्या भाषेत सांगायचं तर: पुरुष, ७३, मधुमेही, सुमारे ४७ महिने. फार चांगली निष्पत्ती आहे ही. आजही त्या वयात इतकी मिळेलच असं नाही.

जसलोकमध्ये त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. एम. के. मणी यांनी पुढे आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव ‘यमराजाचा भाऊ’ अशा अर्थाचं आहे. मामांना हे सांगितल्यावर त्यांनी लगेच ते जुनं संस्कृत सुभाषित म्हणून दाखवलं, वैद्याला यमाचा सख्खा भाऊ म्हणून वंदन करणारं: यम नुसता प्राण नेतो, वैद्य प्राण आणि पैसा दोन्ही. मणींनी स्वतःच्या पुस्तकाला हे नाव द्यावं यात त्यांचा स्वभाव दिसतो. ऐंशीच्या दशकात ते मद्रासला गेले, देशातल्या मोठ्या डायलिसिस विभागांपैकी एक त्यांनी चालवला, आणि त्याच काळात उघडपणे लिहीत राहिले की हा उपचार भारतातल्या बहुसंख्यांना परवडणारा नाही, म्हणून किडनी निकामी होण्याआधीच गाठली पाहिजे. नव्वदच्या दशकात त्यांच्या किडनी हेल्प ट्रस्टने चेन्नईजवळच्या खेड्यांत काम सुरू केलं. गावातल्याच शिकलेल्या मुली घरोघर जायच्या, लघवीत साखर आणि प्रथिनं आहेत का पाहायच्या, रक्तदाब मोजायच्या. ज्यांना गरज त्यांना जुनी, सर्वांत स्वस्त औषधं. हजारो माणसांवर हा प्रयोग चालला आणि माणशी वर्षाचा खर्च चहाच्या काही कपांएवढा होता. देशातल्या सर्वांत प्रसिद्ध डायलिसिसच्या रुग्णाचा डॉक्टर या निष्कर्षाला आला, हे मला त्या आत्मचरित्राच्या नावाहून अधिक लक्षात राहिलं. अलीकडे त्याच दिशेला मोठं बळ मिळालं आहे. मधुमेहासाठी निघालेल्या ‘ग्लिफ्लोझिन’ गटातल्या गोळ्या किडनी बिघडण्याचा वेग कमी करतात, हे २०१९, २०२० आणि २०२२ मधल्या तीन मोठ्या चाचण्यांनी दाखवलं. प्रत्येकीत चार हजारांहून अधिक रुग्ण होते, आणि फायदा इतका स्पष्ट होता की तिन्ही चाचण्या ठरल्या वेळेआधी थांबवल्या गेल्या. त्यांतल्या डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं आणि किंमत उतरली. मामांना ती गोळी दहा वर्षं आधी मिळायला हवी होती. तेव्हा ती या कामासाठी कोणाला माहीतच नव्हती, त्यामुळे रागवावं तरी कोणावर.

डायलिसिसवरचं संशोधन वाचणं हे त्या मानाने उदास काम आहे. पुष्कळ निबंधांचा निष्कर्ष ‘फरक पडला नाही’ असा. रक्त अधिक स्वच्छ केलं तर लोक अधिक जगतील, हा तर्क कोणालाही पटेल. अमेरिकेत १,८४६ रुग्णांवर ‘हेमो’ नावाची चाचणी झाली, २००२ मध्ये निकाल आला: आठवड्याला तीनच वेळा, पण प्रत्येक वेळी जास्त शुद्धी केली, तरी मृत्यू कमी झाले नाहीत. लवकर सुरुवात केली तर? ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ८२८ रुग्णांची चाचणी झाली. २०१० चा निकाल: तब्येत खालावण्याची वाट पाहून सुरू केलेल्यांत आणि आधीच सुरू केलेल्यांत जगण्याचा फरक नाही. हे वाचून मामींना बरं वाटलं. आपण उशीर केला, ही टोचणी त्यांना होती. २०२३ मध्ये मात्र एक वेगळा निकाल आला. युरोपातल्या १,३६० रुग्णांच्या ‘कन्व्हिन्स’ चाचणीत नेहमीच्या डायलिसिसवर २१.९ टक्के रुग्ण वारले, तर भरपूर शुद्ध द्रव वापरून केलेल्या हीमोडायाफिल्ट्रेशनवर १७.३ टक्के. रुग्ण त्यातल्या त्यात धडधाकट निवडलेले होते, तरी यंत्राच्या पद्धतीने जीव वाचल्याचं या चाचणीत दिसलं.

एक निबंध मी मामांना वाचून दाखवला नाही. २००९ चा आहे. अमेरिकेतल्या शुश्रूषागृहांत राहणारे ३,७०२ वृद्ध, सरासरी वय ७३, डायलिसिस सुरू केल्यानंतर वर्षभरात त्यांतले ५८ टक्के वारले होते आणि केवळ १३ टक्क्यांची हिंडण्या-फिरण्याची, अंघोळ-जेवणाची क्षमता पहिल्यासारखी राहिली होती. मामा त्या वेळी ७४ चे होते. ते शुश्रूषागृहात नव्हते, खुर्चीतून का होईना घरी येत होते, स्वतः अंघोळ करत होते, माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत होते. तो आकडा त्यांचा नव्हे हे मला कळत होतं. तरी फाइल बंद करून ठेवली. दोन दिवसांनी त्यांनीच विचारलं, “म्हाताऱ्यांचं काय लिहिलंय? ते तू गाळलंस.” मुद्रितशोधकाला पानांचे क्रमांक दिसतात. मग वाचलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तेरा टक्के म्हणजे नेमकी किती माणसं ते विचारलं. मी हिशेब केला, पाचशेच्या खाली. “पाचशे म्हणजे पुष्कळ,” ते म्हणाले.

मला सर्वांत अस्वस्थ केलं ते २०११ च्या निबंधाने. आठवड्यातून तीनदा डायलिसिस म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार. मध्ये एकेक दिवस मोकळा, पण शुक्रवारनंतर दोन दिवसांची खीळ. अमेरिकेतल्या ३२ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद तपासल्यावर दिसलं की त्या दोन दिवसांच्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूंचं प्रमाण इतर दिवसांहून जास्त असतं: दर शंभर रुग्ण-वर्षांमागे २२.१, इतर दिवशी १८. लेखकांनी त्याला ‘दीर्घ खंड’ म्हटलं आहे. मी ते शब्द लिहिले आणि थांबले. मामांना केंद्रात आठवड्याला दोनच पाळ्या मिळाल्या होत्या, सोमवार आणि गुरुवार. तिसरीसाठी जागा नव्हती, असती तरी पैशांचा प्रश्न होता. भारतात आठवड्याला दोन ही तर सर्रास पद्धत. सोमवार ते गुरुवार मध्ये दोन दिवस, गुरुवार ते सोमवार मध्ये तीन. म्हणजे त्यांचा दीर्घ खंड तो आमचा छोटा खंड. आमच्या मोठ्या खंडाला त्या निबंधात नावच नाही. पुस्तिकेत ‘दीर्घ खंड टाळा’ असं वाक्य होतं. ते मराठीत कसं लिहायचं? मी संस्थेला पत्र लिहून कळवलं. त्यांनी ‘शक्य असेल तर’ घालायला सांगितलं. मग पुस्तिकेत पाण्याविषयी जो अर्धा परिच्छेद होता तो मी त्यांच्या संमतीने दुप्पट केला, कारण तीन दिवसांच्या खंडात पाण्याचा हिशेबच माणसाला तारतो.

केंद्रात मामांच्या शेजारच्या खाटेवर बलियाकडचे एक शेतकरी असत. पन्नाशीचे. बलिया काशीपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे निघायचं, चार तास यंत्रावर, रात्री घरी, आठवड्यातून दोनदा. सिताबदियारा, म्हणजे जयप्रकाशांचं जन्मगाव, त्यांच्या बाजूलाच होतं. जेपींना पण हेच होतं, हे त्यांना ठाऊक होतं. वडिलांनी तेव्हा यंत्रासाठी एक रुपया दिला होता असं ते सांगत. खरं असेल. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती खाट रिकामी दिसली. पुढच्या पाळीलाही. तंत्रज्ञाने रजिस्टरात त्यांच्या नावापुढे ‘नहीं आए’ लिहिलं, तिसऱ्यांदा लिहिलं आणि मग खाट दुसऱ्याला दिली.

त्याच सुमारास मी ‘लॉस्ट टू फॉलो-अप’ या संज्ञेवर अडले होते. वैद्यकीय मराठीत ‘पाठपुराव्यातून निसटलेले’ लिहितात. मामांना ‘निसटलेले’ खटकलं. निसटतो तो चोर, किंवा मासा. हा माणूस निसटला का? त्याला कोणी धरलं होतं का? या एका शब्दात भारतातल्या डायलिसिसचा मोठा भाग मावतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या डॉक्टरांनी लिहिलेले लेख पाहिले तर तेच चित्र आहे: सुरू करणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिल्या काही महिन्यांत येणं बंद करतात, कारण जमीन, दागिने संपलेले असतात. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०१० साली जगभर २६ लाख माणसं डायलिसिस किंवा प्रत्यारोपणावर जगत होती, आणि किमान २३ लाख तो उपचार न मिळाल्याने मेली असावीत, त्यांतला मोठा वाटा आशिया आणि आफ्रिकेचा. २०१६ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, जिल्ह्याच्या इस्पितळांत गरिबांना मोफत पाळ्या मिळू लागल्या, आणि त्याने पुष्कळांचं आयुष्य लांबलं, हे खरं आहे. भारतातल्या हजारो रुग्णांचे, शेकडो केंद्रांचे आकडे घेऊन अभ्यासही आता निघू लागले आहेत आणि केंद्रागणिक जगण्यात केवढा फरक आहे ते दाखवताहेत. पण ज्याने येणं बंद केलं त्याचं काय करायचं, हे प्रत्येक अभ्यासाला ठरवावं लागतं. त्याला बाजूला काढलं तर राहिलेल्यांचं तगणं सुरेख दिसतं. त्याला मेलेला धरलं तर कदाचित तो दुसऱ्या गावी यंत्रावर बसलेला असतो. जयप्रकाशांच्या बाबतीत देशाने मृत्यू सहा महिने आधी नोंदला. बलियावाल्यांच्या बाबतीत काहीच नोंदलं नाही.

काशीत मरणाची नोंद ठेवण्याची सवय जुनी आहे. गिरजाघर चौकाजवळ मुक्तिभवन आहे, १९५८ पासूनचं. मरायला आलेल्यांना तिथे खोली मिळते, पंधरवड्याची मुदत असते, आणि रजिस्टरात नाव, गाव, आल्याची तारीख, गेल्याची तारीख. तिथली निष्पत्ती एकच. बरा होऊन परत गेलेला माणूस तिथे अपवाद. तीनेकशे वर्षांपूर्वी काशीवासाला आलेल्या मराठी म्हाताऱ्यांचा हिशेबही तसाच सोपा होता. मामांना मी एकदा, जरा घाबरतच, विचारलं की कंटाळा येतो का, थांबवावंसं वाटतं का. इंग्रजी पुस्तिकेत त्यावर एक प्रकरण होतं, डायलिसिस न घेता किंवा सोडून केवळ वेदना सांभाळायचं, आणि ते मला जमत नव्हतं. ते म्हणाले, “लोक मरायला इथे येतात. मी इथलाच आहे, मला कुठे जायचंय? म्हणून मला घाई नाही.” ते प्रकरण मी शेवटी त्यांच्याच मदतीने लिहिलं. ‘उपचार सोडणे’ऐवजी ‘यंत्र थांबवणे’ हा शब्द त्यांचा, कारण यंत्र थांबलं तरी औषध, धाप कमी करणं, खाज कमी करणं हे उपचार चालूच राहतात. परिभाषेत ते बसतं की नाही ठाऊक नाही. संस्थेच्या डॉक्टरांनी ठेवलं.

‘लॉस्ट टू फॉलो-अप’ला मी ‘ज्यांची पुढे खबर मिळाली नाही असे’ लिहिलं. तक्त्याच्या रकान्यात ते मावत नाही असं संपादकांचं म्हणणं पडलं. मामांनी सुचवलं, ‘पुढे खबर नाही’. आजोबांच्या वहीत हेच शब्द आहेत, असं त्यांनी सांगितलं. एखाद्या घराण्याचे लोक दोन-तीन पिढ्या आले नाहीत की उपाध्ये त्या कुळाच्या पानावर तसं लिहीत, पण खालची जागा कोरी ठेवत. उद्या कोणी आलंच तर. मी स्टूल घेऊन माळ्यावरून एक वही काढली. साताऱ्याकडचं एक कुळ निघालं, शेवटची सही आजोबांच्या तरुणपणातली, खाली तीन शब्द आणि अर्धं पान मोकळं.

नोव्हेंबरात, देवदिवाळीच्या आधी, मी पुन्हा आठवडाभर गेले. मामा थोडे वाळले होते, फिस्चुलाचा हात सुजलेला, पण तिसरी पाळी मिळाली होती. दरम्यान त्यांनी एक काम केलं होतं. बलियावाल्यांचा फोन नंबर त्यांच्या डायरीत होता. उन्हाळ्यात कधीतरी त्यांनी तो लावला. मुलाने उचलला. बाबूजी चैतातच गेले, म्हणाला. गाडीभाड्याचे पैसे संपले होते. पुढच्या पाळीला मामांनी तंत्रज्ञाला सांगितलं की रजिस्टर काढ आणि ‘नहीं आए’ खोडून तारीख घाल. तो भला मुलगा, पण ते रजिस्टर भरून ऑफिसात गेलं होतं, आता सगळं संगणकावर होतं आणि संगणकात चालू रुग्णांचीच नावं उघडत होती.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. आपल्या वहीत लिहिलं.” त्यांनी डायरी पुढे केली, नंबराखाली चैत्र आणि साल. तिथी मुलाला सांगता आली नव्हती. मामींनी चहा आणला, आम्हाला कप भरून, मामांना अर्धा, मापून.